मागचे शॉकअप: भार कोण पेलते, हेलकावा कोण थांबवते

बीड जिल्ह्यातील कोणत्याही रस्त्यावर, मग तो गेवराईहून बीडकडे येणारा चौपदरी महामार्ग असो किंवा धारूरहून तेलगावकडे उतरणारा घाट, एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या आणि सारखेच प्रवासी बसलेल्या दोन मोटारी एकापाठोपाठ गतिरोधक ओलांडताना पाहिल्या तर कधी कधी त्यांच्यातील फरक कोड्यात टाकतो. पहिलीचा मागचा भाग एकदा उचलला जातो, खाली बसतो आणि गाडी शांतपणे पुढे निघते. दुसरी मात्र गतिरोधक मागे पडल्यावरही तीन-चार वेळा डुलत राहते आणि मागच्या आसनावरील माणसे तिच्याबरोबर डुलत जातात. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर त्यांची जमिनीपासूनची उंची सारखीच भरते, स्प्रिंगा शाबूत दिसतात, टायरमधील हवाही सारखीच असते. फरक असतो तो मागच्या चाकांजवळ उभ्या बसवलेल्या दोन पोलादी नळकांड्यांत, ज्यांना पुस्तकात शॉक ॲब्सॉर्बर आणि गॅरेजमध्ये शॉकअप म्हणतात.

ही नळकांडी गाडीचे वजन जवळजवळ पेलतच नाहीत आणि प्रस्तुत विषयातील बहुतेक सर्व गोष्टी या एका वस्तुस्थितीतून निघतात. वजन पेलत नसल्यामुळे ती निकामी झाली तरी गाडी खाली बसत नाही, बंद पडत नाही आणि मालकाला सूचना मिळत नाही. त्याच कारणामुळे, मागचा शॉकअप स्प्रिंगपासून वेगळा असलेल्या गाडीत तो घरच्या अंगणातही बदलता येतो. मात्र कामाच्या प्रत्येक टप्प्यावर गाडीचा भार नेमका कशावर आहे हे बदलणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

स्प्रिंगचे काम आणि तिची खोड

चाक खड्ड्यात गेले किंवा उंचवट्यावर चढले की बसणारा धक्का प्रथम टायर आणि मग स्प्रिंग झेलते. स्प्रिंग दबते, धक्क्यातील ऊर्जा आपल्यात साठवते आणि ती परत करते, आणि परत करण्यातच तिची खोड आहे, कारण स्वतःमध्ये ऊर्जा जिरवण्याची सोय पोलादी स्प्रिंगजवळ फारशी नसते. दबलेली स्प्रिंग सुटताना मूळ जागी थांबत नाही, ती पलीकडे जाते, पुन्हा दबते आणि हा क्रम चालू राहतो. लहान मोटारीचा सांगाडा अशा वेळी सेकंदाला साधारण १ ते १.५ हेलकावे खातो.

स्प्रिंगच्या खाली मात्र याच वेळी दुसरा, कितीतरी जलद हेलकावा चालू असतो. चाक, ब्रेकचा ड्रम आणि धुरा यांचे वजन सांगाड्याच्या मानाने कमी असते, आणि ही मंडळी खालच्या रबरी टायर व वरच्या स्प्रिंग यांच्या मध्ये अडकलेली असल्यामुळे ती सेकंदाला १० ते १५ वेळा वरखाली थरथरू शकतात. खडीच्या किंवा मुरमाच्या रस्त्यावर वाहतुकीने आडव्या लाटा पडलेल्या असतात. त्या एकेका मीटरवर असतील आणि गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर, धावत असेल, तर चाकाला सेकंदाला ११ धक्के बसतात. हा आकडा चाकाच्या स्वतःच्या थरथरण्याच्या गतीशी जुळतो आणि थरथर वाढत जाऊन चाक रस्त्यावरून उड्या मारू लागते. वरच्या हेलकाव्याने प्रवाशाला त्रास होतो, पण अपघाताची बीजे खालच्या थरथरीत असतात. टायरची पकड त्यावर त्या क्षणी पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. भार क्षणात दुप्पट आणि क्षणात शून्याजवळ जाऊ लागला की जास्त भाराच्या क्षणी मिळालेली पकड कमी भाराच्या क्षणी गमावलेल्या पकडीची भरपाई करत नाही, आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला अधिक अंतर लागते.

तेल, पिस्टन आणि बारीक छिद्रे

शॉकअपच्या पोटात तेलाने भरलेली एक नळी असते, तिच्यात पिस्टन सरकतो, आणि पिस्टनला जोडलेला गुळगुळीत पोलादी दांडा वरच्या सीलमधून बाहेर येऊन गाडीच्या सांगाड्याला बांधलेला असतो. नळकांड्याचे खालचे टोक धुऱ्याला अडकवलेले असते. चाक सांगाड्याच्या जवळ आले किंवा दूर गेले की पिस्टनला तेलातून सरकावे लागते, आणि तेलाला पिस्टनमधील बारीक छिद्रांतून व पातळ पोलादी चकत्यांनी झाकलेल्या झडपांतून वाट काढावी लागते. पावसाळ्यात काळ्या रानातील चिखलात पाय रुतला तर तो सावकाश उचलल्यास निघतो आणि हिसका दिल्यास चिखल तितक्याच नेटाने धरून ठेवतो. तेलाचे वागणे त्याच जातीचे असून पिस्टन जितका वेगाने सरकेल तितका त्याचा विरोध वाढतो. म्हणूनच उभ्या गाडीत शॉकअप काहीच करत नाही, मंद हालचालीत थोडा आणि जोरदार हिसक्यात भरपूर विरोध करतो.

हा विरोध दोन्ही दिशांना सारखा ठेवलेला नसतो. चाक उंचवट्यावर चढताना शॉकअपने फार आडकाठी केली तर धक्का थेट सांगाड्यात जाईल, म्हणून दबताना तो सैल ठेवतात. स्प्रिंग साठवलेली ऊर्जा परत करू लागली की मात्र तिला रोखायचे असते, म्हणून ताणला जाताना त्याचा विरोध साधारणतः दोन ते तीन पट असतो. या ओढाताणीत हेलकाव्याची ऊर्जा तेलाच्या घर्षणात उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. खराब रस्त्यावरून बराच वेळ चाललेल्या गाडीचा निरोगी शॉकअप हाताला चांगला गरम लागतो. एका बाजूचा गरम आणि दुसऱ्या बाजूचा गार असेल तर जुने मिस्त्री गार असलेल्याकडे संशयाने पाहतात, आणि त्यांचे बरोबर असते, फक्त जवळून जाणाऱ्या सायलेन्सरच्या नळीची उष्णता त्यात मिसळलेली नाही एवढे पाहावे लागते.

लहान मोटारींत बहुधा दोन नळ्यांचा शॉकअप असतो. दांडा आतल्या नळीत शिरतो तेव्हा तो जागा व्यापतो आणि तेवढे तेल तळाच्या झडपेतून बाहेरच्या नळीत जाते. दांडा बाहेर आला की ते परत येते. बाहेरच्या नळीत तेलाच्या वर थोडी मोकळी जागा ठेवावी लागते, आणि तेथे साधी हवा असेल तर सततच्या घुसळणीने तेलात बुडबुडे होऊन फेस येतो. फेस दाबला जातो, तेल दाबले जात नाही. म्हणजे फेसाळलेल्या तेलातून पिस्टन काही अंतर विनाविरोध सरकतो. हे टाळण्यासाठी अनेक शॉकअपमध्ये त्या जागेत दाबाखाली नायट्रोजन भरतात. गॅसचा शॉकअप म्हणून बाजारात मिळतो तो हाच असून त्याचेही मुख्य काम तेलच करते.

चकत्यांपासून नायट्रोजनपर्यंत

मोटारी नव्या होत्या तेव्हा, विसाव्या शतकाच्या आरंभी, हेलकावा थांबवण्यासाठी एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या वापरल्या जात. त्रुफो या फ्रेंच संशोधकाची अशी रचना प्रसिद्ध होती. कोरड्या घर्षणाचा दोष असा की ते मंद आणि जलद हालचालीला जवळजवळ सारखाच विरोध करते, त्यामुळे लहान खाचखळग्यांवर गाडी ताठ आणि मोठ्या खड्ड्यावर मोकाट अशी विपरीत स्थिती होई. तेलाचा उपयोग करणाऱ्या रचनांनी हा दोष काढला, आणि द कार्बां या फ्रेंच अभियंत्याने दाबाखालील वायूची जोड देऊन फेसाचा प्रश्नही सोडवला. भारतात गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे नाव शॉकअपशी इतके जोडले गेले की ते आज खेड्यातील गॅरेजवाल्यालाही परके वाटत नाही. बीडपासून साधारण १३० किलोमीटरवर असलेल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत दुचाकींचे शॉकअप बनतात.

कोरडे घर्षण अजूनही पुरते गेलेले नाही. बोलेरोसारख्या गाडीच्या मागे पाटे असतात, म्हणजे एकावर एक रचलेल्या वक्र पोलादी पट्ट्या, आणि त्या एकमेकींवर घासत असल्यामुळे थोडा हेलकावा त्यांच्यातच जिरतो. अशा गाडीत शॉकअप संपला तरी डुलणे गुंडाळी स्प्रिंगच्या गाडीइतके चटकन जाणवत नाही, आणि मालक वर्षानुवर्षे तसाच चालवत राहतो.

येथील रस्ते शॉकअपला का खातात

जिल्ह्याच्या उत्तरेकडील गोदावरी आणि सिंदफणेच्या खोऱ्यात, म्हणजे गेवराई-माजलगाव भागात, खोल काळी जमीन आहे. बसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेल्या या मातीतील चिकणकण पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळतात. तिच्यावर पुरेसा भक्कम पाया न घालता केलेला डांबरी रस्ता वर्षाकाठी उचलला जातो आणि खचतो, त्यावर लांबट लाटा तयार होतात, कडा तुटतात. दक्षिणेकडे बालाघाटच्या पठारावर पाटोदा-आष्टीच्या बाजूला माती उथळ आहे, पण तेथे चढउतार आणि वळणे आहेत. लांबट लाटा सांगाड्याचा मंद हेलकावा चाळवतात, तुटलेल्या कडा आणि खडी चाकाची जलद थरथर चाळवतात. शॉकअपला दोन्हींशी झुंजावे लागते.

गतिरोधकांचा प्रश्न वेगळा आहे. भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सर्वसाधारण वाहतुकीसाठीचा गतिरोधक १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता येतो. गावोगावी रातोरात उगवलेले गतिरोधक याच्या जवळपासही नसतात. उंची तीच किंवा अधिक आणि रुंदी जेमतेम हातभर. अशा उभ्या कडेवर पिस्टनचा वेग एकदम वाढतो, आतील दाब वाढतो आणि सीलवर ताण येतो.

सीलचा खरा शत्रू मात्र धूळ आहे. दांड्यावर बसलेले बारीक कण प्रत्येक हालचालीबरोबर सीलच्या ओठाशी घासतात, ओठ झिजतो, तेल पाझरू लागते, त्या ओलाव्यावर आणखी धूळ चिकटते. दांड्यावरचे रबरी आवरण फाटलेले असेल तर ही झीज झपाट्याने होते. यात भाराची भर पडते. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाचे बिऱ्हाड असो की लग्नाचा बस्ता, बीडमध्ये गाडीचा मागचा भाग क्वचितच रिकामा असतो. भाराने स्प्रिंग आधीच दबलेली असते, दांड्याला वरच्या बाजूने सरकायला कमी अंतर उरते आणि शेवटच्या रबरी ठोकळ्यावर आदळण्याचे प्रसंग वाढतात. अनेक उत्पादक ८०,००० किलोमीटरच्या आसपास शॉकअप बदलण्याचा सल्ला देतात. या रस्त्यांवर या भाराने चालणाऱ्या गाडीने तेवढी वाट पाहावी असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

झीज ओळखण्याच्या खुणा

गाडीचा मागचा कोपरा जोराने खाली दाबून सोडण्याची परीक्षा सर्वांना माहीत आहे. निरोगी शॉकअप असेल तर कोपरा वर येतो, किंचित खाली जातो आणि थांबतो. त्याहून अधिक वेळा हलत राहिला तर शॉकअप संपलेला समजावा. मात्र ही परीक्षा उलट दिशेने विश्वासार्ह नाही, कारण हाताने दाबण्याचा वेग रस्त्यावरील हिसक्याच्या मानाने फार कमी असतो आणि अर्धवट झिजलेला शॉकअप तिच्यात पास होतो. डोळ्यांनी दिसणारी खूण अधिक बोलकी असते: नळकांड्याच्या वरच्या भागावर हलका तेलकट थर असणे स्वाभाविक आहे, पण तेलाचे ओघळ खालपर्यंत आलेले आणि त्यांवर धुळीची जाड पुटे चढलेली असतील तर सील गेलेले आहे. टायरच्या परिघावरून हात फिरवताना ठराविक अंतराने खोलगट झिजलेले भाग लागले तर चाक उड्या मारत असल्याचा तो पुरावा असतो. मागून ठकठक आवाज येत असेल तर बहुधा टोकाचे रबरी बुश फाटलेले असतात, आणि तेवढ्यावर संपूर्ण शॉकअप निकामी ठरत नाही.

गाडी उभी असतानाच मागून खाली बसलेली असेल तर दोष शॉकअपचा नव्हे. ती स्प्रिंग थकल्याची किंवा पाटा तुटल्याची खूण आहे, आणि नवे शॉकअप घालून ती उंची परत येत नाही.

हँडब्रेकचा भ्रम

घरी काम करताना होणारे गंभीर अपघात पाना फिरवताना नव्हे तर गाडी उचलताना होतात, आणि त्यांच्या मुळाशी बहुधा एक गैरसमज असतो. हँडब्रेक ओढला म्हणजे गाडी जखडली असे वाटते, पण नेहमीच्या मोटारीत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. मागचा भाग उचलला की ही चाके हवेत जातात आणि हँडब्रेक कशालाही धरून ठेवत नाही.

गिअरचे काय होते ते गाडीवर अवलंबून आहे. स्विफ्ट, डिझायर, वॅगनआर यांसारख्या गाड्यांत इंजिन पुढची चाके फिरवते, म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली तर जमिनीवरची पुढची चाके इंजिनाने अडवली जातात. बोलेरोसारख्या गाडीत इंजिन मागची चाके फिरवते, म्हणजे मागचा भाग उचलल्यावर गिअर आणि हँडब्रेक दोन्ही एकदम निरुपयोगी होतात आणि पुढची चाके मोकळी सुटतात. एकच मागचे चाक उचलले तरी गिअर धरत नाही, कारण डिफरन्शियल हा दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग हवेतल्या चाकाला उलटे फिरू देतो आणि जमिनीवरचे चाक त्या बदल्यात सरकते. म्हणून कोणत्याही गाडीत पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी पाचर लावणे हाच खरा आधार असतो.

जमीन सपाट आणि टणक हवी. मुरमाच्या अंगणात जॅक रुततो, शहाबादी फरशी एका बिंदूवर भार आला की तडकते. दोन्हीकडे जॅकखाली जाड फळी किंवा लोखंडी पत्रा ठेवावा लागतो. गाडीबरोबर येणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो आणि त्याच्या भरवशावर गाडीखाली हातही घालू नये. त्यासाठी घोडी, म्हणजे उंची ठरवून खिट्टीने पक्के करता येणारे लोखंडी आधार, दोन लागतात. विटा किंवा दगड रचून केलेला आधार सूचना न देता फुटतो.

┌──────────────
चौकट: हे काम घरी कोणत्या गाडीत करू नये
ज्या गाडीत स्प्रिंग शॉकअपभोवतीच गुंडाळलेली असते, तिच्यात शॉकअप सोडवताच दबलेली स्प्रिंग मोकळी होऊ शकते. तिच्यात शेकडो किलोंचा जोर साठवलेला असतो आणि ती दाबून धरण्याचे खास साधन व सराव नसेल तर काम गॅरेजकडेच द्यावे. पुढच्या चाकांचे शॉकअप बहुतेक लहान मोटारींत याच प्रकारचे असतात. डिकीत सीएनजीची टाकी बसवलेली असेल आणि शॉकअपचे वरचे नट तिच्यामागे झाकलेले असतील, तर टाकी हलवण्याचा प्रयत्न घरी करू नये.
└──────────────

भार हलवण्याचा क्रम

पुढील वर्णन मागे आडवी तुळई, तिच्यावर वेगळी स्प्रिंग आणि वेगळा शॉकअप असलेल्या गाडीला लागू आहे. आदल्या दिवशी खालच्या बोल्टवर तारेच्या ब्रशने माती काढून गंज सोडवणारे तेल टाकून ठेवले तर दुसऱ्या दिवशीची निम्मी झटापट वाचते. गॅसच्या ज्योतीने बोल्ट तापवण्याची गॅरेजमधील सवय येथे घातक आहे, कारण शॉकअपमध्ये तेल आणि दाब असतो आणि पेट्रोलची टाकी मागच्या आसनाखालीच असते.

गाडी जमिनीवर असतानाच चाकांचे नट पाव फेरा ढिले करावेत, मग मागचा भाग उचलून उत्पादकाने दाखवलेल्या जागी सांगाड्याखाली दोन घोड्या लावाव्यात आणि जॅक हळूहळू सोडून भार त्यांच्यावर द्यावा. या क्षणी सांगाडा घोडीवर आहे, पण तुळई आणि चाके खाली लोंबत आहेत, आणि त्यांना आणखी खाली जाण्यापासून अनेक गाड्यांत शॉकअपच अडवत असतो. त्याच स्थितीत त्याचा बोल्ट काढला तर तुळई एकदम खाली जाते, स्प्रिंग बैठकीतून निसटते आणि ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. म्हणून चाक काढून ते आडवे करून सांगाड्याखाली सरकवावे, म्हणजे घोडी घसरली तरी एक आधार उरतो. नंतर जॅक तुळईखाली स्प्रिंगच्या बैठकीजवळ लावून ती किंचित वर उचलावी, इतकीच की शॉकअपवरील ताण निघेल, पण सांगाडा घोडीवरून उठणार नाही. सांगाड्याचा भार घोडीवर, तुळईचा जॅकवर आणि शॉकअपवर कशाचाच नाही, अशी ही अवस्था आली म्हणजे पाना हातात घ्यावा.

वरचा नट काही गाड्यांत डिकीतील अस्तराखाली तर काहींत चाकाच्या पोकळीत असतो. नट फिरवताना दांडाही त्याच्याबरोबर फिरू लागतो, म्हणून दांड्याच्या टोकाला दिलेल्या खाचेत दुसरा पाना घालून तो धरावा लागतो. मधल्या चकाकत्या भागाला पकडीने धरण्याचा मोह टाळावा. जुन्या शॉकअपच्या बाबतीत ते चालून जाईल, पण नव्यावर पडलेला एक ओरखडा सीलला आतून कापत राहील. वॉशर आणि रबरी गाद्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने जमिनीवर मांडून ठेवणे हा साधा उपाय पुढचा गोंधळ वाचवतो. त्यानंतर खालचा बोल्ट काढला की शॉकअप हातात येतो. एका वेळी एकच बाजू सोडवावी, म्हणजे दुसरी बाजू तुळईला जागेवर ठेवते. बदलायचे मात्र दोन्ही असतात, कारण एका चाकावर नवा आणि दुसऱ्यावर झिजलेला शॉकअप असेल तर गाडीची दोन्ही अंगे वेगवेगळ्या प्रकारे वागतात आणि वळणावर ती अनपेक्षितपणे तिरकी होते.

नवा बसवताना

दुकानात आडवा पडून राहिलेल्या दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये थोडी हवा किंवा वायू आतल्या नळीत शिरलेला असतो. तो उभा धरून पूर्ण दाबावा आणि पूर्ण ताणावा, असे चार-पाच वेळा केले की सुरुवातीला लागणारी पोकळ जागा नाहीशी होते आणि विरोध सलग होतो. त्यानंतर बसवेपर्यंत तो आडवा ठेवू नये. गॅसचा शॉकअप पट्टीने दाबून बांधलेला येतो आणि पट्टी कापताच आपोआप ताणला जातो, तेव्हा तोंड त्याच्या रेषेत नसावे.

आधी वरचे टोक बसवून नट हाताने लावावा, मग जॅक थोडा वर-खाली करून खालचे छिद्र बोल्टसमोर आणावे. बोल्ट घालावा, पण आवळू नये. घरगुती कामात सर्वाधिक चुकणारी पायरी हीच आहे. खालच्या बुशमध्ये दोन पोलादी नळ्यांच्या मध्ये रबर चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी जखडली जाते आणि चाक वरखाली होताना फक्त रबर पिळले जाते. तुळई लोंबत असताना बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते, आणि काही महिन्यांत नवा बुश फाटून तीच ठकठक परत येते. त्यामुळे चाक बसवून, गाडी जमिनीवर उतरवून, मागचा भाग दोन-तीन वेळा दाबून सोडल्यावर खालचा बोल्ट शेवटचा आवळावा. जमिनीवर असताना तेथे पाना पोचत नसेल, तर चाक बसवण्यापूर्वी जॅकने तुळई इतकी वर घ्यावी की सांगाडा घोडीवरून नुकताच हलका होऊ लागेल, आणि त्या उंचीवर आवळावा.

किती आवळायचे याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १०० ग्रॅम वजन टांगल्यावर जो पीळ बसतो तो एक न्यूटन-मीटर. म्हणजे ५० न्यूटन-मीटर हा अर्धा मीटर पान्यावर सुमारे १० किलो जोर झाला. टॉर्क पाना हा जोर मोजून दाखवतो. अंदाजाने आवळणारा हात बहुधा कमी नव्हे तर जास्त आवळतो, आणि वरच्या पातळ दांड्याचे आटे त्यात जातात. नायलॉनचे कडे असलेले नट एकदा काढले की त्यांची पकड कमी होते, म्हणून तेथे नवेच वापरावेत. चाकांचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी आणि गाडी जमिनीवर आल्यावरच पक्के करायचे, आणि सुमारे १०० किलोमीटर धावल्यानंतर सर्व नट-बोल्ट पुन्हा एकदा तपासायचे.

नव्या शॉकअपवर पहिल्या काही दिवसांत गाडी अधिक कडक वाटते. त्यात दोष नसतो. झीज इतकी हळूहळू झालेली असते की चालवणाऱ्याला डुलण्याची सवय झालेली असते. तरीही गाडी डुलतच असेल, तर मागच्या स्प्रिंगा आणि पुढच्या बाजूची तपासणी गॅरेजमध्ये करून घ्यावी लागते.

काढलेल्या जोडीचे काय

काढलेले दोन शॉकअप उभे धरून हाताने दाबून पाहिले तर झिजेचे स्वरूप कळते: एखादा सुरुवातीला सैल सरकून मग अडतो, म्हणजे तेल कमी झालेले आहे, एखादा संपूर्ण अंतर सैल सरकतो, म्हणजे झडपा गेलेल्या किंवा तेल जवळजवळ संपलेले आहे. अशा जोडीत नवे तेल भरून विकणारे काही ठिकाणी भेटतात. ती खरेदी फायद्याची नसते, कारण झिजलेले सील आणि झडपा तशाच राहतात आणि भरलेले तेल त्याच वाटेने बाहेर येते. जुनी जोडी भंगारात देताना तिच्यात तेल आणि कदाचित दाबाखालील वायू आहे हे घेणाऱ्याला सांगणे आवश्यक असते, कारण गॅस कटरची ज्योत बंद नळकांड्याला लागली तर ते फुटते. त्यातील तेल अंगणात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते बंद डब्यात घालून वापरलेले इंजिन ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.